कॉपीची चिठ्ठी आणि सवयीची जागा

विद्यार्थी कॉपी का करतात, असे विचारले तर 'अभ्यास केलेला नसतो म्हणून' हे उत्तर आपण चटकन देतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. वर्षभर वर्गात बसलेला, निम्मेअर्धे येत असलेला मुलगाही खिशात चिठ्ठी बाळगतो. त्याच्या बाबतीत कॉपी ही अडचणीतली युक्ती राहिलेली नसते, ती सवय झालेली असते. सवय मोडायची तर तिची घडण पाहावी लागते.

नांदेड जिल्ह्यात २०१०च्या दहावी-बारावी परीक्षांच्या वेळी तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्ती अभियान हाती घेतले. केंद्रांवर कडक बंदोबस्त झाला, कॉपीला आळा बसला आणि जिल्ह्याचा निकाल घसरला. निकाल घसरूनही मागे न हटणे ही त्यातली मोठी गोष्ट होती. पुढे हा प्रयोग राज्यभर नेण्यात आला. तरीही २०२५च्या परीक्षांना राज्यात पुन्हा कॉपीमुक्त अभियान राबवावे लागले. कॉपीविरुद्धचा कायदा तर १९८२ पासून आहे!

असे का होते, याचे उत्तर पावलॉव्हच्या कुत्र्याकडे मिळते. डी.एड., बी.एड.ला आपण ते प्रयोग शिकलो. पण त्यांचा उत्तरार्ध बहुधा विसरतो. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळत गेले की नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटू लागते. मग आवाज करीत राहून अन्न देणे बंद केले, तर हळूहळू लाळ येईनाशी होते. मात्र मध्ये काही काळ विश्रांती देऊन तोच आवाज ऐकवला, की लाळ पुन्हा सुटते. म्हणजे जुने शिक्षण पुसले गेलेले नसते, ते फक्त दबलेले असते. भरारी पथक असेच दाबण्याचे काम करते. ते आवश्यक आहे. पण जीप फाटकाबाहेर पडली की पुढे काय?

सवयीत तीन गोष्टी असतात: खूण, कृती आणि फळ. परीक्षेत प्रश्न वाचल्यावर काहीच न आठवणे ही खूण. चिठ्ठीकडे हात जाणे ही कृती. भीती ओसरणे हे फळ. यांतली खूण आपण काढून टाकू शकत नाही. न आठवण्याचा क्षण प्रत्येकाला येतोच. बदलता येते ती मधली कृती. अमेरिकेतील अ‍ॅझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नखे खाण्यासारख्या सवयींवर हाच उपाय मांडला. हात तोंडाकडे जातो आहे हे आधी स्वतः ओळखायचे आणि त्याच क्षणी मूठ आवळून धरायची. मूठ आवळलेली असताना नखे खाता येत नाहीत.

कॉपीची खूण परीक्षागृहात जन्मत नाही. घरी अभ्यास करताना उत्तर अडले की विद्यार्थी लगेच गाईड उघडतो. अडले की पाहायचे, हा सराव वर्षभर चालतो. मार्चमध्ये गाईडची जागा चिठ्ठी घेते, एवढेच.

पाहण्याच्या जागी आठवणे बसवले तर? रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग येथे उपयोगी पडतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ५६. वाईट सवय का टिकते, हे पहिल्या दोन आकड्यांत दिसते. तिचे फळ त्याच संध्याकाळी मिळते.

शेजारच्या लातुरात राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी पुढे आणलेल्या 'लातूर पॅटर्न'चा एक कणा म्हणजे वारंवार चाचण्या. त्याचे पुढे शिकवण्यांच्या बाजारात काय झाले हा वेगळा, फारसा सुखद नसलेला विषय आहे. पण पुस्तक मिटून लिहायचा रोजचा सराव, एवढा भाग घ्यायला कोणत्याही शाळेला फी पडत नाही.

तो बसवायचा कसा? चिठ्ठीच कामाला लावावी. धडा संपला की प्रत्येकाने त्याची तळहाताएवढी चिठ्ठी करायची. मुद्दे निवडून लहान जागेत बसवणे हेही शिकणेच आहे. हे कसब मुलांकडे आहेच! दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पालथी ठेवून पाच ओळी आठवून लिहायच्या. अडले तर निदान एक मिनिट थांबायचे, आठवेल ते लिहायचे आणि मगच चिठ्ठी उलटून चूक दुरुस्त करायची. गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की पालथी चिठ्ठी आपोआप सुलटी होते.

सवय किती दिवसांत लागते? २१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो, पण त्याला आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणाबरोबर फळ खाण्यासारख्या साध्या सवयींनाही मध्यक ६६ दिवस लागले. व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही, तेव्हा पोळ्याच्या सुट्टीची चिंता नको. १५ जूनपासून सुरुवात केली तर ६६वा दिवस १९ ऑगस्टला येतो. २५४वा येतो २३ फेब्रुवारीला, म्हणजे बोर्डाच्या परीक्षांच्या काळात.