मालापाठोपाठ मनही पोहोचावे

१९७२ साली ‘जपान फाउंडेशन’ स्थापन झाले, तेव्हा जपानी मोटारी व ट्रान्झिस्टर जगाच्या बाजारपेठेत पोहोचले होते. जपानी मन मात्र पोहोचले नव्हते. मालाला मागणी असली म्हणजे तो पाठविणाऱ्याविषयी आपुलकी वाटतेच, असे नाही. १९७४ च्या जानेवारीत पंतप्रधान तानाका यांच्या दौऱ्यात बँकॉकला निदर्शने झाली, जाकार्तात दंगल उसळली. १९७७ साली मनिला येथे पंतप्रधान फुकुदा यांनी हृदयाशी हृदय जोडण्याची भाषा केली, तिला ही पार्श्वभूमी होती.

परंतु सांस्कृतिक विनिमय म्हणजे काबुकीचे खेळ व इकेबानाची प्रात्यक्षिके एवढाच अर्थ घेतला, तर ती निव्वळ जाहिरात ठरेल. १९५१ साली कुरोसावांच्या ‘राशोमोन’ने व्हेनिस महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. तो तेथे पाठवावा, असा आग्रह धरला तो जपानी भाषेच्या व्यासंगी इटालियन विदुषी जुलियाना स्त्रामिजोली यांनी. निर्मिती करणारी कंपनी स्वतः साशंक होती! परभाषा आत्मसात केलेली एक व्यक्ती काय घडवू शकते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

१९८४ साली सुरू झालेली जपानी भाषा प्रवीणता परीक्षा आज पुण्यातही विद्यार्थी देतात. अनेकांची दृष्टी नोकरीवर असते. त्यात गैर काहीच नाही. मात्र त्यांच्यातून चार साक्षेपी अनुवादक निपजावेत, मराठी साहित्यही जपानीत जावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. देवाणघेवाणीत घेणे जितके, तितकेच देणेही असते; आणि ती जबाबदारी कोणतेही परकीय प्रतिष्ठान आपल्या वतीने उचलणार नाही.