उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबे मोटारीमागे चाकांवरचे एक घरच जोडून प्रवासाला निघतात. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्यातील दिवे आणि पाण्याचा पंप यांसाठी पुढच्या दांड्यावर १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी बसवलेली असते. थंडी सुरू झाली की हा ट्रेलर चार-पाच महिने नुसता उभा राहतो. दिवे बंद, पंप बंद. तरी वसंत ऋतूत मालक पाहतो तो बॅटरी पार उतरलेली!

मग वीज गेली कोठे? सारी बटणे बंद केली तरी काही उपकरणे जागीच असतात. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, रेडिओतील घड्याळ, अशी ही मंडळी. ती मिळून ०.१ अँपिअर प्रवाह घेतात असे धरू. दिवसाला झाले २.४ अँपिअर-तास. बॅटरी ८० अँपिअर-तासांची असेल, तर भागाकार करून पाहा: सुमारे ३३ दिवसांत ती रिकामी!

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. बॅटरी वीज देते तेव्हा तिच्यातील गंधकाम्ल खर्ची पडते, पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते आणि द्रवात पाणी वाढते. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतील पातळ आम्ल मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली उतरतो. गोठताना पाणी प्रसरण पावते आणि बॅटरीची पेटी तडकते.

उपाय साधा आहे. बॅटरी आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक कट-ऑफ स्विच बसवायचा. पण त्यासाठी भिंतीवरचे बटण चालणार नाही. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदाला अनेक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण उघडताना पडणारी ठिणगी लगेच विझते. बॅटरीचा प्रवाह एकदिश. तो शून्यावर येतच नाही. शिवाय संपर्कही घट्ट हवा. नट सैल राहून तेथे केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला आणि ५० अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या एका जागी ५० वॅट उष्णता निर्माण होईल. सोल्डरिंगच्या चांगल्या कावियाइतकी!

स्विच बसवताना आधी बॅटरीच्या ऋण अग्राची तार सोडवतात. ट्रेलरचा लोखंडी सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. आधी धन अग्राचा नट सोडवू लागलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर पान्यातूनच शेकडो अँपिअर प्रवाह वाहील. पाना लाल होईल आणि हात भाजेल. ऋण तार आधी सुटली की मंडलच अपुरे राहते. जोडताना क्रम उलटा: ऋण तार शेवटी.

आता खरी मेख. ट्रेलरच्या चाकांत विद्युतचुंबकावर चालणारे ब्रेक असतात. धावताना जोड निसटून ट्रेलर मोटारीपासून सुटला, तर मोटारीला बांधलेला बारीक दोर एक पिन उपसतो. पिन निघताच ट्रेलरच्या बॅटरीचा प्रवाह ब्रेकमध्ये जातो आणि चाके आवळली जातात. ही तार कट-ऑफ स्विचच्या पलीकडे, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला गेली आणि कोणी स्विच बंद ठेवूनच निघाले, तर सुटलेला ट्रेलर रस्त्यावर मोकाट धावेल. स्विच ऋण तारेत बसवला तरी हाच धोका, कारण ब्रेकचा प्रवाह सांगाड्यातून ऋण अग्राकडेच परततो. म्हणून स्विच धन तारेत बसवावा आणि ब्रेकची ती तार थेट बॅटरीच्या धन अग्राला जोडावी.

काम झाल्यावर स्विच बंद ठेवून पिन क्षणभर उपसतात आणि ट्रेलर मोटारीने हळूच ओढून पाहतात. चाके सहज फिरली, तर तार चुकीच्या बाजूला गेली आहे.