दुसऱ्या सर्व्हिसचा भाव

पैशाचे नवे बाजार : भाग ६

पैजेच्या धंद्याला टेनिसइतका सोयीचा खेळ दुसरा नाही. दोनच खेळाडू, बरोबरीची भानगड नाही, वर्षभर कुठे ना कुठे स्पर्धा चालू, आणि मिनिटभरातच पुढचा गुण. प्रत्येक गुणाला भाव हलतो. कोकणातल्या दिवेआगरात पावसाळ्यात पर्यटक ओसरतात तेव्हाच विम्बल्डन येतं आणि ओसरीवर बसून फोनवर सामना बघणाऱ्या पोरांना हा बाजारही त्याच फोनवर दिसतो. तो चालतो कसा, हे आधी नीट पाहू.

जुना प्रकार बुकीचा. दोन तुल्यबळ खेळाडूंवर तो १.९० असा भाव देतो. शंभर लावून जिंकलात तर १९० हातात. १.९० म्हणजे ५२.६ टक्के शक्यता. दोन्ही बाजूंची बेरीज होते १०५ च्या वर. शंभराच्या वरचा भाग हा त्याचा नफा, आणि तुमच्या समोरचा पक्षही तोच. २००० साली इंग्लंडात सुरू झालेल्या बेटफेअरनं बुकीला मधून काढलं. तिथे ‘हा जिंकेल’ म्हणून लगाई करणाराही गिऱ्हाईक आणि ‘नाही जिंकणार’ म्हणून खाई करणाराही गिऱ्हाईक. कंपनी जिंकणाऱ्याकडून फक्त कमिशन घेते.

तिसरा प्रकार सध्या गाजतोय. अमेरिकेतल्या कॅल्शीवर एखाद्या खेळाडूच्या विजयाचा करार मिळतो. तो जिंकला तर कराराचा एक डॉलर, हरला तर शून्य. भाव ६२ सेंट असेल तर बाजाराच्या मते त्याची शक्यता ६२ टक्के. गुरुग्रामच्या प्रोबोनं हेच गणित दहा रुपयांत बसवलं होतं : ‘हो’ ६ रुपये २० पैसे, तर ‘नाही’ ३ रुपये ८० पैसे. पॉलिमार्केटवर व्यवहार क्रिप्टोत होतो, मांडणी तीच. कॅल्शीच्या सर्वसाधारण शुल्काचं सूत्र असं, की भाव ५० सेंट असताना ते सर्वांत जास्त पडतं, सुमारे पावणेदोन सेंट. लावलेल्या रकमेच्या ते साडेतीन टक्के झालं. एकाच सामन्यात चार-पाचदा घेतलं-विकलं की बुकीचे पाच टक्के स्वस्त वाटू लागतात.

भावाइतकंच महत्त्वाचं, पण कुणी न वाचलेलं कलम म्हणजे निकाल कशाला म्हणायचं ते. समजा, पहिल्या सेटमध्ये ४-३ असताना एकाचा घोटा मुरगळला आणि त्यानं सामना सोडला. बेटफेअरच्या नियमानुसार एक सेट पुरा झालेला नसेल तर त्या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द. पुढच्या फेरीत जाईल तो विजेता, असं मानणारेही बाजार आहेत. एकच सामना, एकच दुखापत. एकाकडे पैसे परत, दुसऱ्याकडे पैसे गेले.

हे कलमही बाजूला ठेवायची वेळ आली ती ऑगस्ट २००७ मध्ये, पोलंडमधल्या सोपोटला. तेव्हा जगात चौथ्या क्रमांकावर असलेला निकोलाय दाविदेन्को पहिला सेट जिंकला, तरी बेटफेअरवर पैसा त्याच्या विरोधात, मार्टिन व्हासालो अर्ग्वेयोच्या बाजूनं लागतच राहिला. तिसऱ्या सेटमध्ये दाविदेन्कोनं दुखापतीमुळे सामना सोडला. एक सेट पुरा झालेला असूनही, पैशाचा संशयास्पद ओघ पाहून सुमारे सत्तर लाख डॉलरच्या उलाढालीच्या त्या पैजा बेटफेअरनं रद्द केल्या. चौकशीत दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. त्यानंतर टेनिसनं सचोटी तपासणारं स्वतंत्र पथक नेमलं. आजची आयटीआयए ही त्याचीच पुढची संस्था.

२०१८ च्या स्वतंत्र चौकशी समितीनं दाखवलेली दुखरी जागा मात्र विम्बल्डन नव्हती. ती होती पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या लहान स्पर्धांमध्ये. तिथे पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती प्रवासखर्चही पडत नाही, आणि तरीही त्या सामन्यांचे थेट गुण पैज कंपन्यांना विकले जात होते. लहान आयटीएफ स्पर्धा आपल्या पुण्यात, सोलापुरातही होतात. तिथे घाम गाळणाऱ्या पोरापोरींवर संशय घ्यायचं काहीच कारण नाही. पण त्यांची प्रत्येक सर्व्हिस दूरदेशी कुणाच्या तरी पडद्यावर भाव हलवू शकते, आणि हरल्यावर शिव्या आणि धमक्या त्यांच्याच फोनवर येतात, याचा मला मनापासून राग येतो.

घरबसल्या पैज लावणाऱ्याची तर बाजूच लंगडी. पंच खुर्चीवरून यंत्रात गुण नोंदवतो, तो कंपनीकडे क्षणात पोचतो. आपल्या फोनवरचं चित्र त्याच्या कितीतरी सेकंद मागे असतं. दुसरी सर्व्हिस जाळ्यात गेलेली दिवेआगरात दिसेपर्यंत भाव बदलूनही झालेला असतो. जुन्या भावात घ्यायला मिळालंच, तर समजावं की समोरच्याला निकाल आधीच ठाऊक आहे.

आता कायदा. अमेरिकेत भांडण आहे ते हा करार नेमका कुणाच्या अखत्यारीत येतो याचं. कॅल्शी म्हणते, आमचा बाजार वायदेबाजारासारखा, आमच्यावर नजर केंद्राच्या सीएफटीसीची. २०२५ च्या सुरुवातीला तिनं खेळांवरचे करार आणले तेव्हा नेवाडा, न्यू जर्सीसारखी राज्यं म्हणाली की हा जुगार आहे, आमचा परवाना काढा. प्रकरणं कोर्टात गेली.

आपल्याकडे पैजेचा करार रद्दबातल, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं. ठराविक रकमेपुढच्या घोड्यांच्या शर्यतींच्या बक्षिसाला तेवढी सूट. मुंबई इलाख्याचा १८६५ चा कायदा आणखी पुढे जातो : पैजेला हातभार लावणारा जोडकरारही रद्द. म्हणजे मित्राला सट्ट्यासाठी म्हणून उसने दिलेत तर तेही दावा लावून मिळायचे नाहीत. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अड्ड्यांसाठी होता, फोनसाठी नव्हे. ती फट प्रोबोसारख्यांना ‘हे कौशल्य आहे’ असं म्हणत वापरता आली. एप्रिल २०२५ मध्ये सेबीनं बजावलं की असे मतांचे सौदे आमच्या नियमनाखाली येत नाहीत, गुंतवणूकदाराला कसलंही संरक्षण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परदेशी ॲपलाही हा कायदा लागू आहे, पण तिथे अडकलेले पैसे सोडवायला ना सेबी येणार, ना दिवाणी कोर्ट. फसवणूक झाली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, एवढंच हातात.

या बंदीच्या मी बाजूनं आहे. कारण सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत रोठा सुपारीची झाडं मधोमध मोडून एकावर एक पडली होती, नारळ मुळासकट उपटले होते. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्नाला यायला वर्षं जातात. त्या बागायतदाराच्या डोक्यावर जोखीम आधीपासून होती. वाऱ्याचा वेग अमुक झाला तर पैसे मिळतील, असा करार त्याला कुणी विकला असता तर त्याची जोखीम हलकी झाली असती. आंबा-काजूच्या हवामानाधारित विम्यात हेच तत्त्व आहे. टेनिसच्या करारात उलट घडतं. ओसरीवरच्या पोराचं त्या सामन्यात काहीच पणाला लागलेलं नसतं. करार घेतो त्या क्षणी जोखीम जन्माला येते. ‘हो’-‘नाही’चा हा करार मुळात हुशारीचं हत्यार आहे, आणि ते सर्वांत जास्त धार लावून वापरलं जातंय जिथे त्याची कुणालाच गरज नाही.

जून २०२५ मध्ये एनसीडीईएक्स या वायदेबाजारानं हवामान खात्याशी पावसावरच्या करारांसाठी हातमिळवणी केली. तिथेही पहिला प्रश्न निकालाचाच येणार : पाऊस मोजायचा कुठल्या केंद्रावर? महसूल मंडळातल्या यंत्राचा आकडा आणि आपल्या वाडीतला पाऊस जुळत नाही, ही विम्याबद्दल कोकणातली नेहमीची तक्रार. पुढच्या भागात ते यंत्र आणि तो करार.