शीतकपाट आणि शिळा भात



१२ ऑक्टोबर २०२० हा सोमवार ठाण्या-मुंबईकडच्या लोकांना चांगला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या उच्च दाबाच्या वाहिनीवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई इथली वीज एकदम गेली. करोनाचे दिवस होते, मंडळी घरातच होती. वीज यायला काही तास लागले. दुपारी आमच्या ठाण्याच्या घरी फोडणीचा भात झाला आणि चारच्या सुमारास आमच्या चिरंजीवांना उलट्या सुरू झाल्या. सर्वांनी एकमुखाने निकाल दिला : वीज गेली, फ्रिज बंद पडला, म्हणून भात बिघडला.

निकाल चुकीचा होता. तो कसा, हे सांगण्यासाठीच आजचे हे चार शब्द.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. आपला माठ पाणी गार का करतो? माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. शीतकपाटाचे तत्त्व हेच. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते, तर इथे नळ्यांत कोंडलेला द्रव आतल्या बाजूस वायुरूप होऊन उष्णता शोषतो, पुढे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि बाहेरच्या नळ्यांत तो पुन्हा द्रव होताना ती उष्णता खोलीत सोडतो. म्हणजे फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकणारा हमाल आहे.

हमालाला वाट मोकळी हवी. म्हणून कपाट भिंतीला चिकटवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. ते चुलीशेजारी किंवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये. डोंबिवली-कल्याणकडच्या लहान खोल्यांत जागेची अडचण असते हे मी जाणतो. पण निदान कपाटावर चादरी-गोधड्यांचा ढीग रचू नये आणि मागच्या नळ्यांवरची धूळ अधूनमधून झाडावी. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा. कपटा सहज निघून आला, तर रबर सैल झाले असे समजा; गारवा आणि पैसा दोन्ही तिथून गळत असतात. साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला, की यंत्र बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळी फुटली तर वायू निघून जातो. नवे कपाट घेताना दारावरचे ताऱ्यांचे लेबल वाचावे. २००६ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडाच छापलेला असतो.

आता अन्नाकडे वळू. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. सोयीची परिस्थिती मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी सहा-सात तासांत संख्या लाखांवर जाते. हे गणित शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवावे. मुले विसरणार नाहीत. फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर ही वाढ मंदावते. मंदावते म्हणतो, थांबते म्हणत नाही. आणि जंतू मरत तर नाहीतच.

आमच्या भाताची हकीकत आता उलगडते. रविवारी रात्री उरलेला भात पातेल्यात ओट्यावरच राहिला होता. सकाळी आठवण झाली तेव्हा तो फ्रिजमध्ये गेला. भातातल्या एका जंतूचे बीज शिजवूनही टिकते. ओट्यावरच्या उबेत ते रुजते आणि असे विष तयार करते, की पुढे फोडणी दिली तरी ते नष्ट होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. भात बिघडला तो रात्री, आणि दोष आला विजेवर!

म्हणून नियम एवढाच : शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे; उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मोठे पातेले लवकर निवत नाही, तेव्हा अन्न पसरट भांड्यांत काढावे, वाफ जिरली की झाकून ठेवावे. भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा. मासळी-मटण झाकणाच्या डब्यात, शिजवलेल्या अन्नाच्या खालच्या फळीवर ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी खाली ठिबकणार नाही. दूध दारात ठेवू नये. दार उघडले की पहिली झळ त्यालाच लागते. कांदे, बटाटे, केळी यांना फ्रिजची गरजच नाही.

आणि वीज गेली तर? मुरबाड-शहापूरच्या गावांना हा प्रश्न नवा नाही. दार उघडू नका. बंद कपाटातले अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते; बर्फाचा खण गच्च भरलेला असेल तर तो दोन दिवस तग धरतो, अर्धा असेल तर एक दिवस. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या, थोडी पोकळी सोडून, गोठवून ठेवा. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर एक नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मागे बराच वेळ वीज गेली होती हे ओळखा आणि त्या खणातले अन्न टाकून द्या.

अन्न टाकताना आपला हात मागे येतो. ते पूर्णब्रह्म आहे, हा संस्कार चांगलाच आहे. पण त्या अन्नाचा मान राखायची वेळ जेवण उरकल्यावर लगेचची असते, दुसऱ्या दिवशी वास घेऊन पाहण्याची नव्हे. आमचे चिरंजीव दोन दिवसांत बरे झाले. तेव्हापासून रात्री ओटा पुसण्याआधी पातेल्यावरचे झाकण उघडून पाहण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे.