रांजणखळग्यांच्या तळाशीं

अहिल्यानगर जिल्ह्यांतील निघोज आणि पुणे जिल्ह्यांतील टाकळी हाजी या दोन गांवांच्या मधून कुकडी नदी वाहते. तेथें तिचें पात्र काळ्या कातळांत खोल गेलें असून त्या कातळाला जागोजाग रांजणासारखे खळगे पडले आहेत. ते पाहावयास माणसें दुरून येतात, कांठावरून आंत डोकावतात आणि पाणी हिरवट दिसलें कीं मागें फिरतात. परंतु श्रोतेहो, पाहण्याजोगी वस्ती आहे ती त्या हिरवट पाण्याच्या तळाशीं.

हा रांजण घडतो कसा? कातळांत एखादी चीर किंवा पोकळी असते. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे तींत अडकतात आणि जातें फिरावें तसे गरगर फिरूं लागतात. गोटे कातळ कोरतात व स्वतःहि झिजतात. हें दळण चालूं असतां तळावर किड्याअळ्यांचा निभाव लागणें कठीण. मुख्य धारेपासून बाजूला पडलेले, ज्यांत वाळू, गाळ आणि पाला सांचला आहे, तेच खळगे वस्तीस योग्य.

अशा खळग्यांतील मूठभर गाळ पांढऱ्या ताटलींत घेऊन पाहावा. दोऱ्यासारख्या बारीक, लालभडक अळ्या वळवळूं लागतात. डांसासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशांच्या या अळ्या होत. त्यांचा रंग हिमोग्लोबिनाचा. म्हणजे जें द्रव्य आपल्या रक्ताला लाली देतें त्याच जातीचें. त्याची गरज कां पडावी? एक लिटर पाणी २० अंश उष्णतेस सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु धरूं शकतें. ३० अंशांस जेमतेम साडेसात. शिवाय खोल खळग्यांत वरचें तापलेलें पाणी हलकें म्हणून वरच राहतें, आणि तळचा पाला कुजतांना तेथील उरलासुरला प्राणवायु संपवितो. या कोंडींत लाल अळी तग धरते.

शेजारीं तिचा वैरी असतो, तो चतुराचें पिल्लू. हनुवटीखालीं घडी घालून ठेवलेला ओठ तें क्षणांत पुढें फेंकतें व भक्ष्य पकडतें. श्वास घेण्याची त्याची तऱ्हा तर विलक्षणच: आंतड्याच्या शेवटच्या भागांत पाणी ओढून तें प्राणवायु घेतें, आणि संकट आलें कीं तेंच पाणी पिचकारीसारखें सोडून पुढें झेपावतें.

उन्हाळ्यांत धार तुटली कीं वाढ पुरी झालेला चतुर उडून जातो. गोगलगाय आणि शिंपला कोठें जाणार? शिंपल्याचीं पिल्लें तर माशांच्या कल्ल्यांस वा परांस चिकटूनच पुढें जातात. तेव्हां मासाहि जगावयास हवा. पूर येईपर्यंत या सर्वांचा आधार म्हणजे खळग्यांत उरलेलें पाणी. नदीच्या वरच्या अंगास माणिकडोह व येडगांव हीं धरणें झाल्यापासून येथील प्रवाह केवळ पावसावर अवलंबून राहिलेला नाहीं, तो सोडलेल्या पाण्यावरहि ठरतो. अशा दिवसांत कोणी पंप लावून खळगा उपसला तर तेथील शिंपले मरतात. निर्माल्य टाकलें तरी तेंच. तें कुजतें, आणि प्राणवायूची आधींच असलेली टंचाई वाढते.

ज्यांना हें पाहावयाचें असेल त्यांनीं पावसाळा ओसरल्यावर, एखादा उथळ खळगा निवडावा. खोल रांजणांच्या भिंती उभ्या आणि शेवाळानें निसरड्या असतात. आंत पडणाऱ्यास धरावयास कांहीं सांपडत नाहीं. गाळ पाहून झाला कीं तो अळ्यांसकट त्याच खळग्यांत परत सोडावा.