पडद्यावरचे केस

नखांप्रमाणेच केस ही शरीराची अशी वस्तू आहे, की जी निर्जीव झाल्यानंतरच जगाला दिसते. त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी, पेशींची लगबग अहोरात्र चालू असते. बाहेर येतो तो केराटीन या प्रथिनाचा मृत धागा. त्याला रक्तपुरवठा नाही, संवेदना नाही. कापला तरी दुखत नाही. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून इंदुरात तीस-पस्तीस वर्षे व्यवसाय करताना हे सत्य मी रुग्णांना असंख्य वेळा ऐकवले, परंतु त्याने एकाचेही समाधान झाल्याचे स्मरत नाही. रुग्ण प्रथम माझ्या विरळ मस्तकाकडे पाहतो, नंतर भिंतीवरील पदव्यांकडे, आणि मग संकोचाने आपली तक्रार सांगू लागतो.

स्मरणिकेसाठी केसांवर लिहा, असे संपादकांनी सुचविले तेव्हा त्यांना बहुधा चाईवरील नव्या उपचारांचा आढावा अपेक्षित असावा. तो आपल्यापैकी अनेकांनी परिषदांतून ऐकलेला आहे. मला लिहावयाचे आहे ते एका अमेरिकन अभिनेत्रीच्या केसांविषयी. ते कापले गेले आणि एका वाहिनीचे धाबे दणाणले, ही हकीकत वैद्यकीय व्यवसायातील मंडळींनी ऐकण्यासारखी आहे.

सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूबी या वाहिनीवर ‘फेलिसिटी’ नावाची मालिका सुरू झाली. जे. जे. अब्राम्स आणि मॅट रीव्ह्ज हे तिचे निर्माते. कथानायिका फेलिसिटी पोर्टर ही कॅलिफोर्नियातील एका डॉक्टरची मुलगी. तिने स्टॅनफर्डला जाऊन पुढे वैद्यक शिकावे, असे घरच्यांनी ठरवून टाकलेले. (हा प्रकार आपल्या घरांतून अगदीच अपरिचित नसावा.) परंतु शाळा संपताना बेन नावाच्या वर्गमित्राने तिच्या वार्षिकांकात चार ओळी लिहिल्या, आणि तेवढ्यावर ही मुलगी आखलेले आयुष्य बाजूला सारून त्याच्या मागे न्यूयॉर्कला निघून गेली. भूमिका केरी रसेल या तरुण अभिनेत्रीची होती. १९९९ च्या जानेवारीत तिला त्यासाठी गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

या मुलीचे केस म्हणजे सोनेरी-तपकिरी कुरळ्यांचे एक रान होते. ती लाजली की मान खाली जाई आणि अर्धा चेहरा त्या बटांआड दडे. गोंधळली की हात केसांत जाई. लेखकाने दोन पाने संवाद लिहून जे साधले नसते ते त्या केसांनी फुकटात साधले होते. घरातून नुकतीच बाहेर पडलेली, स्वतःच्या मनाचा थांग नसलेली अठरा वर्षांची मुलगी प्रेक्षकाला त्या केसांतच दिसत होती.

पहिल्या पर्वानंतरच्या सुटीत केरी रसेलने आखूड केसांचा एक टोप डोक्यावर चढवून काढलेले छायाचित्र गंमत म्हणून निर्मात्यांना पाठविले. निर्मात्यांना गंमत कळली, पण तिच्यात त्यांना कथानकही दिसले. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी, १९९९ च्या शरद ऋतूत, बेनशी संबंध तुटल्यावर फेलिसिटी आपले केस अगदी आखूड कापून टाकते, असे दाखविण्यात आले. आणि या वेळी टोप नव्हता, खरे केसच कापले गेले.

प्रेक्षक संतापले. नाराजीची पत्रे आली, वृत्तपत्रांतून थट्टा झाली, आणि प्रेक्षकसंख्या उतरू लागली. तेव्हापासून आजतागायत दूरचित्रवाणीच्या व्यवसायात ‘फेलिसिटीचा केशकलाप’ हा जणू एक वाक्प्रचारच होऊन बसला आहे. चालत्या गाडीला खीळ घालणाऱ्या निर्णयाचे ते नाव झाले. यापुढे आमच्या वाहिनीवर कोणी केस कापणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्या वाहिनीच्या अधिकाऱ्यांनीच काढले होते.

आता आपण डॉक्टरांनी येथे थोडे थांबावयास हवे. त्याच हंगामात मालिकेची वेळही बदलली होती. मंगळवारी रात्री एका लोकप्रिय मालिकेच्या पाठोपाठ लागणारी ‘फेलिसिटी’ रविवारी संध्याकाळी, कितीतरी अधिक स्पर्धेच्या वेळी, लावण्यात आली. रुग्णाला एकाच दिवशी दोन नवी औषधे सुरू केली आणि आठवड्याने अंगावर पुरळ उठले, तर दोष कोणत्या औषधाचा? आपण निदान हा प्रश्न तरी विचारतो. येथे कोणी विचारलाच नाही, कारण वेळापत्रक छायाचित्रात दिसत नाही आणि केस दिसतात. माझे मत विचाराल तर रविवारचा वाटा मोठा असावा. परंतु सर्वसामान्य प्रेक्षकाला केसांचे कारण चटकन पटले, यातच केसांचे पडद्यावरील माहात्म्य दिसून येते.

निर्मात्यांची खरी पंचाईत पुढे झाली. पटकथा एका रात्रीत बदलता येते, नको असलेला नायक अपघातात मारता येतो. केस मात्र महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या आपल्या गतीनेच वाढतात. डोक्यावरील लाखभर केसांपैकी ८५ ते ९० टक्के कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात, पण त्यांना घाई करावयास लावणारे औषध आजही आपल्यापाशी नाही. कुरळ्या केसांचे दुखणे तर त्याहून वेगळे. केसाचे मूळ त्वचेत वाकडे बसलेले असते, म्हणून धागा वेटोळे घेत बाहेर येतो आणि सरळ केसापेक्षा आखूड दिसतो. सरळ केस मानेपर्यंत पोहोचावयास जितका काळ लागतो, तितक्या काळात कुरळे केस कानापाशीच घुटमळतात. मालिका मे २००२ पर्यंत चालली आणि प्रेक्षक पर्वामागून पर्व ते केस वाढताना पाहत राहिले. फेलिसिटीने मध्यंतरी चित्रकलेची वाट धरली आणि अखेरीस ती पुन्हा वैद्यकाकडे वळली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आपल्याकडील पडद्याला केसांची भाषा शिकवावी लागली नाही; ती परंपरेतूनच आली. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त रूपा गांगुलींनी साकारलेल्या द्रौपदीचे मोकळे केस आठवून पाहावेत. भर सभेत ज्या केसांना धरून तिला ओढत आणले, ते सूड पुरा झाल्याखेरीज बांधावयाचे नाहीत, ही प्रतिज्ञा भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाने अजरामर केली, आणि दूरचित्रवाणीने ती घराघरांत नेली. पुढचे कित्येक भाग ते सुटलेले केस प्रेक्षकाला युद्धाची आठवण देत राहिले. त्यासाठी निराळ्या संवादाची गरज नव्हती. त्यानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने आलेल्या ‘चाणक्य’ मालिकेत तेच काम एका सुटलेल्या शेंडीने केले. ती मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि चाणक्याची भूमिका करणारे डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांचे मूळ शिक्षण वैद्यकाचे, हे आपल्या मंडळींनी थोड्या अभिमानाने लक्षात ठेवावयास हरकत नाही.

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’ या मालिकेत मोना सिंग यांच्या कपाळावर आलेली झुलपे, जाड चष्मा आणि दातांवरील तारा यांनी एक अख्खी व्यक्तिरेखा उभी केली होती. मूळ कोलंबियन मालिकेप्रमाणे येथेही पुढे नायिकेचा कायापालट झाला. केस सुटले, चष्मा गेला, आणि मालिकेतील गंमतही गेली, असे माझे व माझ्या सौभाग्यवतींचे एकमत झाले. आमचे एकमत क्वचितच होते.

परंतु एका बाबतीत आपली भाषा अमेरिकेहून अगदी उलट आहे. फेलिसिटीने केस कापले ते मुक्त होण्यासाठी. आपल्याकडे बाईचे केस पडद्यावर कापले जातात तेव्हा ती शिक्षा असते किंवा शोक. केशवपनाची रूढी आता इतिहासजमा झाली. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविण्यास नकार दिला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती, हे आपण वाचतो. रूढी गेली तरी खूण जात नाही. न्यूयॉर्कमध्ये फेलिसिटीच्या केसांवरून वादळ उठले होते त्याच सुमारास माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, पुढील औषधोपचार सुरू व्हावयाचा होता, आणि तीन आठवडे त्या तो टाळत होत्या. “डॉक्टर, केस न जाणारं औषध नाही का हो?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी मृत प्रथिनाचे पुराण सुरू केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “माझ्या आजीला मी तसं पाहिलंय. लाल अलवणात. आमचे हे अजून आहेत, डॉक्टर.”

शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. ते म्हणाले, “बाई, मी आहे म्हणूनच सांगतोय, औषध घ्या.” ते स्वतःही शिक्षकच, पत्नीला चारचौघांत ‘बाई’ म्हणत. बाईंनी औषध घेतले. अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या आठवड्यात केस गेले. टोप त्यांना आवडला नाही, त्या डोक्यावर पदर घेऊन येत. उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी केस परत आले ते, पुष्कळदा घडते त्याप्रमाणे, कुरळे. जन्मभर सरळ वेणी घातलेल्या त्या बाई त्यानंतर बारा वर्षे त्या कुरळ्यांसह सुखाने वावरल्या.

आजाराचे पडद्यावरील चित्रही या काळात किती पालटले! १९७१ च्या ‘आनंद’मध्ये राजेश खन्ना आतड्याच्या लिम्फोसार्कोमाने मृत्यूच्या दारात उभा आहे, पण केसाची एक बटही हललेली नाही. त्या कथेत औषधच नव्हते, मग केस कशाने जाणार? २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, केस गळू लागल्यावर, स्वतःच डोके तासून घेतो. त्या क्षणापर्यंत केविलवाणा वाटणारा तो गृहस्थ त्या गुळगुळीत मस्तकानिशी भयंकर दिसू लागतो. ब्रायन क्रॅन्स्टनच्या अभिनयाला त्या वस्तऱ्याने मोठाच हात दिला. आणि जुलै २०१८ मध्ये आपल्या सोनाली बेंद्रे यांनी न्यूयॉर्कमधील उपचारांच्या आरंभी केस आखूड कापल्याची छायाचित्रे स्वतःच लोकांसमोर ठेवली. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या दोघीतिघींनी, औषध सुरू होण्याआधीच केस कापून येऊ का, असे आपण होऊन विचारले. मी अवश्य म्हणालो. लांब केसांचे पुंजके उशीवर सापडण्यापेक्षा ते सोसावयास सोपे जाते. डोक्याची त्वचा थंड ठेवून केस वाचविण्याचे तंत्र काही रुग्णांत, काही औषधांच्या बाबतीत, उपयोगी पडते. त्याविषयी आधीच विचारणा करावी.

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर तर दवाखान्यात केस गळण्याच्या तक्रारींची रांग लागली. कोविडच्या तापातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळत आणि माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पुंजके मोजून आणीत. तापात एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले केस होते ते. बहुतेकांचे सहा महिन्यांत पूर्ववत झाले. ज्यांनी ऑक्सिजनच्या नळीला धीराने तोंड दिले होते, त्यांचे डोळे या पिशवीपाशी भरून येत. मी मृत प्रथिनाचे वाक्य त्या वर्षी एकदाही उच्चारले नाही.

केरी रसेलचे पुढे काय झाले, ही जिज्ञासा वाचकांना असेलच. २०१३ ते २०१८ या काळात ‘द अमेरिकन्स’ या मालिकेत तिने वॉशिंग्टनजवळ सामान्य अमेरिकन स्त्री म्हणून राहणाऱ्या सोव्हिएत हेराची भूमिका केली. वेशांतर हेच तिचे काम, त्यामुळे टोपामागून टोप चढत गेले: काळे, सोनेरी, सरळ, बॉब कट. ज्या अभिनेत्रीचे केस कापले म्हणून गहजब झाला, तिला आता एका भागात तीन-तीन मस्तके मिळू लागली, आणि एमी पुरस्कारासाठी तिला तीनदा नामांकनही मिळाले. २०२३ पासून ती ‘द डिप्लोमॅट’मध्ये लंडनमधील अमेरिकन राजदूत आहे. या राजदूतबाईंना कामाच्या धबडग्यात केस विंचरावयास सवड नसते, आणि त्यावरून दूतावासातील मंडळी सतत त्यांच्या मागे लागलेली असतात.