लॉनवरची पांढरी छत्री

पावसाने दोन दिवस झोडपून उघडीप दिली, की आमच्या सोसायटीच्या लॉनवर पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उठतं. आधी अंड्याएवढी डोकी, मग बघता बघता ताटलीएवढ्या छत्र्या. मधोमध तपकिरी खवले, देठाला सैल बांगडीसारखं कडं. इतक्या देखण्या, की कुणाला तरी भाजीची आठवण होतेच.

हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या, पोटात कळा, जुलाब. जीव सहसा जात नाही, पण सलाइन लावायची पाळी येऊ शकते. उत्तर अमेरिकेत चुकून खाल्ल्या जाणाऱ्या विषारी अळंब्यांत हिचा नंबर वरचा.

आपल्याकडे घोटाळा होऊ शकतो तो वारुळावरच्या अळंबीशी. विदर्भातल्या सात्या त्याच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथे ती रोयणीची अळमी. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते आणि ही अळंबी त्या शेतातून वर येते. त्यामुळे तिचा देठ मुळासारखा खोल उतरलेला असतो. लॉनवालीचा देठ बुडाशी जरासा फुगून तिथेच संपतो. तिला वाळवी लागत नाही, जंगलही लागत नाही. कुजकं गवत पुरतं. म्हणून ती बागेत, मैदानात, कुरणात, म्हणजे नेमकी मुलं खेळतात तिथे.

कोवळेपणी छत्रीखालचे पडदे पांढरेच असतात, फसगत होते ती इथेच. मी एकीचा देठ कापला, छत्री पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या मळकट हिरव्या रेघा! ही पडद्यांतून गळलेल्या बीजाणूंची भुकटी; अळंब्यांत ती हिरवी क्वचितच सापडते. पण भुकटी पांढरी पडली म्हणून कढई चढवू नये. युरोपातल्या जीवघेण्या ‘डेथ कॅप’ची भुकटीही पांढरीच. भाजीत चांदीचं नाणं टाकून बघायची जुनी युक्ती तर साफ निकामी.

काल माळीकाकांनी मशीन फिरवून सगळ्या छत्र्या उडवल्या. मातीतलं बुरशीच्या धाग्यांचं जाळं मात्र शाबूत आहे. ते मधून बाहेर सरकत जातं, म्हणून तर रिंगण. आज तिथे गडद गवताचं नुसतं वर्तुळ दिसतंय, गेल्या वर्षीपेक्षा हातभर मोठं.